मुलीच्या निबंधाची क्लीन कॉपी

मुलीने मला फक्त स्पेलिंग बघायला सांगितलं होतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना मी हळूहळू स्वतःची बाजू घ्यायला लागेन, हे मला माहीत आहे.

ती सतरा वर्षांची आहे, ज्युनिअर कॉलेजात आहे आणि तिने साहित्य घेतलं आहे. यंदा तिच्या वर्गाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिकन कथा अभ्यासाला होती. टर्मच्या शेवटी एक मोठा निबंध द्यायचा होता, आणि त्यावरून विशेष अभ्यासाच्या गटात दोनच मुलं घेणार होते. त्या दोघांत आपण असायचं, हे तिने वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलं होतं. ती सहसा कशाचा हट्ट करत नाही. हा एकच होता.

मी इथे परदेशात, रॅफल्स प्लेस या बँकांच्या भागात, एका बँकेत काम करतो. पण त्याआधी पुण्यात इंग्रजी घेऊन एम.ए. केलं होतं आणि याच काळातल्या कथांवर प्रबंध लिहायला घेतला होता. तो अर्धवट टाकून मी बँकेत शिरलो. त्यामुळे तिने अभ्यासक्रमाची यादी दाखवली तेव्हा मला झालेला आनंद सगळा तिच्यासाठी नव्हता. जेवताना मी बोलत सुटायचो. छोट्या गावात जीव गुदमरून शहराकडे पळालेली पोरं, युद्धावरून परत आल्यावर स्वतःच्याच घरात परकी झालेली माणसं, पैसा आला की सुख मागोमाग येईल अशा समजुतीत आयुष्य घालवणारे. आणि हे सगळं सांगायची ती कोरडी रीत. आधीच्या पिढीची फुलोऱ्याची वाक्यं टाकून द्यायची, साधे शब्द घ्यायचे आणि मुख्य गोष्ट बोलायचीच नाही.

"बाबा, यू आर लेक्चरिंग," ती म्हणायची.

"जेवू दे तिला," बायको म्हणायची. "तुझं एम.ए. वरणात सांडतंय."

तिने निबंधासाठी एक अगदी छोटी कथा निवडली होती. एक म्हातारा रेल्वे कामगार लेकीला भेटायला शहरात येतो. जिथे ती लहानाची मोठी झाली ते घर त्याने विकलं आहे. कागद खिशात आहेत, आणि तेच सांगायला तो आला आहे. दोघं दिवसभर हवेबद्दल आणि शेजाऱ्यांबद्दल बोलतात. तो तिच्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह उघडून दुरुस्त करत बसतो. संध्याकाळच्या गाडीने परत जातो. घराचं बोलणं निघतच नाही.

निबंध तिने घरच्या कॉम्प्युटरवर लिहिला. नेमकी त्याच आठवड्यात ती कॉलेजच्या कॅम्पला जाणार होती. निघताना बूट घालत म्हणाली, "बाबा, स्पेलिंग बघ आणि शुक्रवारी बारापर्यंत मला पाठव. मी फोनवरून अपलोड करते. बाकी कशाला हात लावू नकोस हं. सिरियसली, लाह." इथली सगळी पोरं वाक्याच्या शेवटी हे 'लाह' लावतात.

"नाही लावत," मी म्हणालो.

शुक्रवारी मी घरूनच काम करत होतो. सकाळी चहा घेऊन तिची फाइल उघडली. स्पेलिंगच्या चुका दोन निघाल्या. त्या सुधारल्यावर मी थांबायला हवं होतं. पण स्टोव्हच्या परिच्छेदात तीनच वाक्यं होती. स्टोव्ह बिघडलेला नव्हता. तो दुरुस्त करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो दुरुस्त करतो. एवढं लिहून ती पुढच्या मुद्द्याकडे गेली होती.

माझं बँकेतलं काम म्हणजे हाताखालच्या लोकांनी लिहिलेली टिपणं तपासणं. आमच्याकडे नियम असा, की वरच्या साहेबाला वाचताना एकही प्रश्न पडता कामा नये. प्रत्येक विधानाला कारण हवं, प्रत्येक धोक्यापुढे उपाय हवा. बावीस वर्षं मी हेच करतो आहे आणि त्यात माझं नाव आहे. ती तीन वाक्यं मला अर्धवट वाटली. मी त्यांच्याखाली लिहिलं, की स्टोव्ह हे प्रथमदर्शनी वडिलांच्या अपराधभावाचं प्रतीक आहे. मग त्याला आधार म्हणून आणखी चार वाक्यं लिहिली. मग त्या काळच्या अमेरिकेवर एक परिच्छेद, जो माझ्या अर्धवट प्रबंधातून जवळपास जसाच्या तसा आठवला. मला इतकं बरं वाटत होतं की चहा गार झालेला कळलं नाही. साडेअकराला मी सवयीप्रमाणे सगळे बदल पक्के केले, खाडाखोडीची नोंद पुसली आणि त्याच नावाने सेव्ह केलं. आमच्याकडे वर जाते ती नेहमी क्लीन कॉपी. कोणी काय बदललं, हे त्यात दिसत नाही.

तिला फाइल पाठवली आणि मेसेज केला, 'स्पेलिंग बघितलं. एकदोन ठिकाणी जरा नीट केलंय.' एकदोन ठिकाणी हे खोटं होतं, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. तिचा अंगठा आला. कॅम्पवर फोन पाच मिनिटंच मिळायचा. तिने फाइल न उघडताच वर चढवली.

पुढच्या आठवड्यात ती कॉलेजातून आली आणि खोलीत जाऊन बसली. शेवटी बायकोने विचारून काढलं. शिक्षिकांनी तिला बोलावून एका वाक्यावर बोट ठेवलं होतं आणि याचा अर्थ सांग म्हणाल्या होत्या. ते वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होती.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"इंटरनेटवरून घेतलं म्हटलं."

"माझं नाव का नाही सांगितलंस?"

"माझ्या बाबाने लिहिलं असं सांगू? दॅट्स वर्स, लाह." मग ती म्हणाली, "बाबा, त्या गोष्टीत कोणी काही सांगत नाही ना. तू सगळं सांगून टाकलंस."

निबंधाला शून्य मिळालं. त्या गटासाठी तिचा विचार होणार नव्हता.

बायको म्हणाली, "आता तू जाऊन गोंधळ वाढवू नकोस." मुलगीही नको म्हणाली. तरी मी गेलो. माझी चूक दुसऱ्याने भरावी हे मला सहन होत नव्हतं. तिथेही मी स्वतःचाच विचार करत होतो का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

शिक्षिका माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि मध्ये एकदाही न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"मागच्या वर्षी एक आई आली होती," त्या म्हणाल्या. "तीही म्हणाली, मीच लिहिलं. तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, सर."

"पण मी खरं सांगतोय."

"असेल. तिची मूळ फाइल आहे का?"

नव्हती. मी त्यांना क्लीन कॉपीचं सांगितलं. सांगताना मलाच ते रचलेलं वाटत होतं. मग मी स्टोव्हची तीन वाक्यं पाठ म्हणून दाखवली. त्यांनी मान वर केली.

"ही चांगली आहेत," त्या म्हणाल्या. "फार चांगली आहेत. पण हीसुद्धा तुम्हीच सांगताय."

बावीस वर्षं मी दुसऱ्यांकडे पुरावा मागत आलो आहे, त्यामुळे त्यांची अडचण मला त्यांच्याइतकीच कळत होती. मी आभार मानून उठलो. परत येताना एलआरटीत, म्हणजे उंचावरून जाणाऱ्या रेल्वेत, उभा होतो. आमच्या बुकित पंजांग भागातल्या त्या छोट्या गाडीच्या काचा इमारतींजवळून जाताना आपोआप धूसर होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. स्टेशन आलं तेव्हा उतरायचं आहे हे क्षणभर सुचलं नाही.

घरी मुलीने विचारलं, "गेला होतास?"

"हो."

"शी बिलीव्ड यू?"

"नाही."

तिने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान ऐकून घेता आलं असतं.

साहित्य तिने सोडलेलं नाही. वर्षअखेरची परीक्षा आहे, त्यासाठी ती सरावाची उत्तरं लिहिते. आता कॉम्प्युटरवर लिहीत नाही, वहीत लिहिते, जेवणाच्या टेबलावर बसून. सुट्टीत घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं ती माझ्याशी नीट बोलते. चहा हवा का विचारते. काल संध्याकाळी मी पाणी घ्यायला तिच्या मागून गेलो. तिने वर पाहिलं नाही, लिहायचीही थांबली नाही. फक्त डावा हात उचलून कागदावर आडवा ठेवला, परीक्षेत शेजारच्या मुलाला दिसू नये म्हणून ठेवतात तसा. मी नजर समोर ठेवली आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो.