बोल्टांनी आवळलेला प्रबंध

माझ्या बायकोचा पीएच.डी.चा प्रबंध उघडायला दोन माणसं लागायची. एकानं धरायचं, दुसऱ्यानं वाचायचं. बांधणी मी केली होती.

तेव्हा आम्ही मांजलपूरला राहायचो. मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर आणि सुलभा कॉलेजात हंगामी शिक्षिका. पदवी मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा, असा मामला होता. प्रबंध द्यायची मुदत सोमवारी संपणार आणि शनिवारी संध्याकाळी कुठे कॉम्प्युटरवाल्यानं शेवटची पानं छापून दिली! नागरवाड्यातल्या गुजराती बाइंडरनं मान हलवली. "बेन, त्रण दिवस तो लागशे." तीन दिवस! दोऱ्यानं शिवायचं, पाठीला सरस लावायचा, शिकंज्यात दाबून वाळू द्यायचं, मग वर रेक्झिनचा पुठ्ठा. सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या अंगात फिटर संचारला.

"अगं, मी रेल्वेचे डबे जोडतो. कागद जोडायला काय लागतंय?"

"अहो, मिक्सरही तुम्हीच जोडला होतात," ती म्हणाली. (तो मिक्सर तेव्हापासून चटणी वाटत नसे, भिरकावत असे.)

पण दुसरा इलाज नव्हता. रविवारी मी गठ्ठा दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये घालून शिकंज्यात आवळला आणि डाव्या कडेला ड्रिल मशीननं भोकं पाडून त्यांत बोल्ट घातले. दोरा तुटतो, सरस सुटतो. बोल्ट कसा सुटेल? वर स्प्रिंग वॉशरही घातले, न जाणो, वाचताना हादरे बसले तर! रेक्झिन स्कूटरच्या सीटचं उरलेलं होतं. तिन्ही प्रती तयार झाल्यावर मी घाम पुसला आणि सुलभाला म्हणालो, उघडून बघ. तिनं उघडला. तो चार बोटं उघडला आणि खाडकन मिटला. त्यात तिचं एक बोट राहिलं होतं. बोल्ट सैल केले तर पानं सरकायला लागली, म्हणून मी ते पुन्हा आवळले, पहिल्यापेक्षा जरा जास्तच.

सोमवारी विद्यापीठातल्या कारकुनानं एक प्रत दोन्ही हातांनी उचलली आणि विचारलं, "आ थीसिस छे के गाडीनो पार्ट?" मग त्यानं नियम वाचले. कडक पुठ्ठा हवा, गडद रेक्झिन हवं, प्रती तीन हव्यात. बोल्ट नसावेत असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यानं नाइलाजानं शिक्का मारला. घरी येताना स्कूटरवर सुलभा माझ्यापासून वीतभर अंतर ठेवून बसली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. पुण्याहून आलेले परीक्षक वाचत होते आणि सुलभाच्या मार्गदर्शक बाई दोन्ही हातांनी पान दाबून धरत होत्या. आता ही नापास झाली तर ती प्रबंधामुळे नव्हे, माझ्यामुळे होणार होती.

अखेर परीक्षक म्हणाले, "संशोधन उत्तम आहे, मी पदवीची शिफारस करतो. फक्त एक सांगा, हे बाइंडिंग कोणी केलं?"



"शेजाऱ्यांनी, सर," सुलभा म्हणाली.

सगळे हसतच बाहेर आले. परीक्षकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, आपण कोण? सुलभाचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठलो, पेढे पुढे केले आणि नम्रपणे म्हणालो, "मी यांच्या बाजूच्याच ब्लॉकमध्ये राहतो."