कागदाबाहेरचा गणपती

सांगलीत, विश्रामबागेतल्या पत्रिका-कार्डं करून देणाऱ्या एका डीटीपीच्या दुकानात मालकांनी मला महिनाभर बघायला ठेवलं होतं. काम जमलं तर नोकरी, नाही तर रहिमतपूरला परत. आणि तिथे वडिलांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवातही केली होती. लग्नाची मला फार भीती वाटायची.

चित्र काढायच्या त्या सॉफ्टवेअरची मला भयंकर धास्ती. पडद्याच्या मधोमध कागद, त्याच्या चहूबाजूंनी पांढरं रान. कागदावर असेल तेवढंच छापलं जातं, बाहेरचं नाही. म्हणून नवं काम उघडलं की मी कागदाच्या उजव्या अंगाला, बाहेर, गणपतीचं एक छोटं चित्र ठेवायची. कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

त्या दिवशी एक जैन शेतकरी जोडपं लेकीच्या लग्नाची पत्रिका करायला आलं होतं. मालक त्यांना बाकावर बसवून कागद आणायला गेले. पत्रिका होत आली होती. बारीक अक्षर बघावं म्हणून मी पडद्यावरच्या भिंगाने जवळ गेले, खालची सरकपट्टी जरा ओढली आणि सगळं गायब. नुसतं पांढरं! तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस कोकलायला लागला.

सेव्ह करावं तर हे पांढरंच सेव्ह होईल. न करावं तर सकाळपासूनचं काम पाण्यात.

"ताई, गेलं काय वो समदं?" बाई उठून जवळ आल्या.

"नाही नाही, आहे," मी ठोकून दिलं.

भिंग उलटं फिरवत लांब लांब गेले. कडेला एक काळा ठिपका दिसला. त्याच्यावर जवळ गेले, तर माझा गणपती! म्हणजे कागद त्याच्या डावीकडे. पट्टी सरकवली आणि 'श्री महावीराय नमः' समोर आलं. सेव्ह केलं न केलं, तोच पडदा काळा झाला.

लाइट आली, मालकही आले. फाइल उघडली. कागद दिसला, तसा शेजारचा गणपतीही.

"यांच्या पत्रिकेत हा कशाला?" मालकांचा आवाज चढला.

संपलं. चालले मी रहिमतपूरला. "तो छापून येत नाही," मी कसंबसं म्हणाले. "भीती वाटते म्हणून ठेवते."

"काढ तो."

"आवं, ऱ्हाऊ द्या की," बाई म्हणाल्या. "लेकरू लय भ्यालंय. आमची पोरगी बी घरात अशीच भिऊन बसलीया."

मालक म्हणाले, "छापून येत नाही ना? असू दे."

पुढे नोकरीही राहिली. पण त्या दुपारी मी पत्रिकेतल्या नवरीच्या नावाकडेच बघत बसले. सकाळपासून कितीदा तपासलं होतं मी ते. ती घाबरली असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.