देवी उठल्या तो आठवडा

माझ्या धाकट्या बहिणीच्या दंडावर देवीचा एकही वण नव्हता, आणि त्याला कारण आमची माय. देवी काढणारा माणूस गावात आला की माय तिला कापसाच्या ढिगात लपवायची, नाक तेवढं बाहेर. माझ्या पाठचे दोन भाऊ एकाच उन्हाळ्यात माता येऊन गेले होते, आठ दिवसांच्या अंतरानं. तेव्हापासून मायनं एकच धरून ठेवलं होतं की मातामायशी खेळायचं नाही, तिच्यावर सुई तर उगारायचीच नाही. मला शाळेत तिला न विचारता टोचलं, तर मास्तरांना तिनं महिनाभर शिव्या घातल्या.

बहिणीला घरात सगळे लहानी म्हणत. मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी. आमचं गाव देवळीपासून दोन कोसांवर, बाप कधीच गेलेला, आणि मी वर्ध्याच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकत होते. अंगावर पांढरी साडी चढली तशी डोक्यात हवाही गेली. गावात पाऊल टाकलं की मी कुणाची विहीर झाकायला सांगे, कुणाच्या पोराचे कान धुवायला लावी. माय हसायची. “आली माही डाक्तरीण,” म्हणायची.

लहानीचं लग्न झालं ते आफ्रिकेत रेल्वेत कारकून असलेल्या मुलाशी. लग्न करून तो पुढे गेला, आणि फाल्गुनात हिनं बोटीनं यायचं ठरलं. नागपूरचं एक कुटुंब त्याच बोटीनं परत जाणार होतं, त्यांच्या सोबतीनं. जावयाचं पत्र आलं. देवीचा आणि कॉलऱ्याचा दाखला नसला तर बोटीवर चढू देत नाहीत, त्यानं लिहिलं होतं. जन्मात पहिल्यांदाच देवी काढत असाल तर आठ दिवसांनी डॉक्टर दंड पाहतात, देवी उठल्या असतील तरच सही करतात.

कॉलऱ्याच्या दोन सुयांना माय काही बोलली नाही. दवा आहे, घेऊन टाक म्हणाली. पण देवीचं तिच्यापुढे काढायची माझी छाती होईना. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले, आणि बोटांवर मोजून पाहिलं तर जेमतेम नऊ दिवस उरलेले. शेवटी साड्या घ्यायच्या म्हणून मी लहानीला वर्ध्याला नेलं, डॉक्टरांना विचारून माझ्याच हातानं तिच्या दंडावर लस लावली आणि टोचायची दात्यांची चकती फिरवली. “एवढंच?” ती म्हणाली. मी म्हटलं एवढंच, आता लांब बाह्यांचं पोलकं घाल आणि मायसमोर दंड उघडा करू नको.

मी रजा काढून तिच्यासोबत घरी आले. पाचव्या दिवशी न्हाऊ घालताना मायला फोड दिसला. मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेते. तसं काही झालं नाही. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि ओल्या जमिनीवर वाकून आपल्या पोटच्या पोरीच्या पायांवर डोकं टेकलं.

“आली तं आली माय, गरिबाच्या घरी,” ती म्हणाली. “सांभाळून घेजो.”

लहानी रडायलाच लागली. दारावर कडुनिंबाचे डहाळे लागले. फोडणी बंद, तळण बंद, बाहेरच्यांनी उंबरा ओलांडायचा नाही. लहानीला ताप भरला तशी माय तिच्याशेजारी बसून निंबाच्या डहाळीनं वारा घालू लागली आणि तिच्याशी “अवं माय” करत अदबीनं बोलू लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“माय, ही लस आहे. मी टोचली, या हातानं. कुणी आलं-बिलं नाही इथं.”

“हळू बोल वो. आयकते ते.”

“परवा निघायचंय आम्हाला.”

“मातामायनं निरोप देल्ल्याबिगर पोर शीव ओलांडत नाई. आन् घरात माता असताना ओटी भरत नाई. तिच्या मर्जीनं होईन सारं.”

“तिची मर्जी! बोट काय तिच्या मर्जीनं सुटते का?”

तोंडानं फटकळ मी लहानपणापासूनच. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वारा घालू लागली. तिची दोन पोरं त्याच आजारानं गेलेली, हे त्या घडीला माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त लहानीचा संसार होता. ही बोट चुकली तर पुढची कधी, आणि तोवर तो मुलगा तिकडे वाट पाहील की नाही, मला काय ठाऊक.

आठव्या दिवशी सकाळी माय नाहून ओल्या केसांनी निघाली. एका हातात पाण्याचा गडवा, दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेली टोपली. “मातामायले पाणी टाकून येतो,” म्हणाली, “पोरीपाशी बस.” टोपलीत काय आहे ते मी विचारलं नाही. एका शब्दानं विचारलं नाही. मी मनाशी धरून चालले होते की ही परत येणार, अजून पाच दिवस म्हणणार आणि दारात बसणार. दारात बसलेल्या मायला ओलांडून जायची हिंमत माझ्यात नव्हती. डॉक्टर दुपारपर्यंतच बसत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. मी शेतावरच्या सालदाराला दमणी जुंपायला सांगितली.

लहानीला तापानं उभं राहवत नव्हतं. तिला दमणीत निजवून वर चादर टाकली. मातामायचं ठाणं गावाच्या उगवतीला, म्हणून मीच बैल मावळतीच्या वाटेनं काढायला लावले.

“माय कुठी आहे, ताई?”

“येते मागून. वर्ध्याला भेटते.”

इतक्या सहज खोटं बोलले मी! पोरीनं विश्वास ठेवला. दर मैलाला ती डोकं वर करून विचारी, माय मोटारीनं येईल ना, तिला तिकीट काढता येईल ना. मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेले.

दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर एका खेड्यात गेलेले. दुपार गेली. ते दिवेलागणीला आले. दंड पाहिला, छान उठल्या आहेत म्हणाले, सही केली, शिक्का मारला. आख्खा दिवस आम्ही बाकावर बसून काढला होता. मायची वाट पाहून, जेवून-खाऊन निघालो असतो तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनात नागपूरची मंडळी डब्यातून हात करत होती. सामान चढवलं. लहानी दारात उभी राहिली, आत जाईना.

“ताई, पुलावरून कोणी उतरून राह्यलं. पाह्य न, माय आहे का?”

ती भलत्याच कुणाची तरी आई होती. गाडी हलली. मी हात हलवत होते, पण लहानी माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या डोक्यावरून मागे पुलाकडे पाहत होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तशीच पाहत होती.

दोन दिवसांनी घरी गेले तेव्हा सालदाराच्या बायकोनं सांगितलं. आम्ही निघालो आणि घटकाभरात माय परतली होती. टोपलीत ओटी होती, हिरवा खण, नारळ, गहू, हळदकुंकू. लेकीला जाऊ दे म्हणून ती मातामायकडे कौल मागायला गेली होती, आणि उजवं फूल पडलं होतं. कौल मिळाला म्हणून ती धावतच आली. घर रिकामं दिसल्यावर नारळ हातात घेऊन शिवेपर्यंत पळत गेली. आम्ही त्याच दिवशी गाडीत बसलो असू असं तिला वाटलं, म्हणून वर्ध्याला आली नाही. गाडी दुसऱ्या दिवशीची होती हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मायनं “जेवली का?” एवढं विचारलं आणि ताट वाढलं. तिनं झोडपून काढलं असतं तर बरं झालं असतं.

दीड वर्षानं जावयाचं पत्र आलं. बाळंतपणात लहानी गेली, मूलही गेलं. मी वर्ध्याहून धावत आले. माय मातामायचा कोप म्हणेल, असं मला वाटलं होतं, आणि त्यावर माझी सगळी डॉक्टरी उत्तरं तयार होती. तिनं कोपाचं नावही काढलं नाही. चार दिवस रडली, आणि पाचव्या दिवशी अंगणात ज्वारी पाखडायला बसली. मी समोर बसले होते. सूप थांबवून तिनं विचारलं,

“जाता खेपी माह्यं नाव घेतलं का वो तिनं?”

हो म्हणायला माझी जीभ उचलली होती. पण हो म्हटलं असतं तर तिनं लगेच विचारलं असतं, मंग तू काऊन नाई थांबली? मी माझी कातडी वाचवली.

“तापात होती, माय. गाडीत बसवलं तशी निजली. काही बोलली नाही.”

मायनं सूप खाली ठेवलं. मग तिनं डोळे पुसले.

“बरं झालं बापा,” ती म्हणाली. “मले रोज वाटे, पोरगी माही वाट पाहून राह्यली असन.”