बाहुलीची पिवळी मान

माझ्या कपाटात सत्तावीस बाहुल्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही मी कधी घाबरले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वाशीमच्या आमच्या गल्लीत माझ्याविषयी वेगळंच बोललं जातं. चाळिशीतली, एकटी राहणारी, कचेरीत कारकुनी करणारी बाई पगारातून बाहुल्या घेते म्हटल्यावर लोक गप्प कशाला बसतील? घरमालकीण तर तोंडावर म्हणायची, "बाई, लगन करून घ्या आता. ह्या बाहुल्या काय म्हातारपणी पाणी देनार हायेत तुमाले?"

मला राग लोकांचा नाही, टीव्हीचा येतो. पूर्वी मालिकेत सासू छळायची, आता बाहुली छळते. लेखकाला काही सुचेनासं झालं की तो एक बाहुली आणतो, तिची मान गर्रकन फिरवतो आणि मागे ढोल बडवतो. गाण्यांच्या स्पर्धा लावाव्यात तर तिथे गाणं थोडं आणि रडणं फार. म्हणून मी कोरियन पोरींची गाणी ऐकते. शब्द कळत नाहीत, पण मला रडवायला कुणी बसलेलं नाही एवढं कळतं. त्या पोरींसारखी घडवलेली एक पांढऱ्याशुभ्र चेहऱ्याची बाहुली मी दोन वर्षं वाट पाहून मिळवली होती.

अशा बाहुलीच्या बाबतीत एकाच गोष्टीला भ्यायचं असतं. ऊन लागलं की ती पिवळी पडते, आणि एकदा पडली की उपाय नाही. म्हणून मी खिडकीला जाड पडदा लावला. ट्यूबलाइटही नको, म्हणून ती काढून मंद पिवळा बल्ब लावला. दूरदूरच्या शौकिनांचे व्हिडिओ बघून मिळवलेलं हे शहाणपण.

त्या पावसाळ्यात माझी सात वर्षांची भाची शाळेसाठी माझ्याकडे राहायला आली होती. बहीण कामरगावला, शेतीच्या कामात. पोरीला सोडून जाताना ती एवढंच म्हणाली, "तुह्या भरोशावर ठेवून राह्यली, बाई."

मग झड लागली. आठवडाभर सूर्य दिसला नाही. भाचीनं जेवण टाकलं, पोट दुखतं म्हणून शाळा बुडवली, दिवसभर खोलीत पडून राहू लागली. सोमवारी संध्याकाळी मी कचेरीतून आले तर पांघरुणातून म्हणाली, "मावशी, ते पांढरी बाहुली माह्याकडं पाहून राह्यली." मी खवळलेच. मी नसताना घरमालकिणीकडे बसून तिनं ती बाहुलीची मालिका पाहिली होती. पोर भ्याली आहे, म्हणून जेवत नाही, असं मी ठरवून टाकलं आणि बाहुलीला पाठमोरी करायला गेले. तेव्हा तिची मान मला पिवळट दिसली.

बाहुल्यांच्या वहीत मी त्या दिवसाची नोंद केली. नंतरचे दिवस मी रोज कापूस ओला करून ती मान पुसत होते आणि पिवळेपणा जात नव्हता. घरमालकिणीनं भाचीवरून मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्या जळाल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही. "पाह्यलं का, लई जबर नजर हाय," ती म्हणाली आणि माझ्या कपाटाकडे बघत राहिली. मला भीती होती ती हीच. हे बहिणीच्या कानावर गेलं तर ती बाहुल्यांना दोष देईल, पोरीला घेऊन जाईल, पुन्हा कधी पाठवणार नाही. म्हणून तिचा फोन आला की मी सांगायची, बरी आहे, अभ्यास चालू आहे.

एकदा भाचीला पाणी देताना तिचा चेहराही पिवळा वाटला होता. बल्बचा उजेड, म्हणून मी सोडून दिलं. बाहुलीची मान पाहताना मात्र तो बल्ब मला आठवला नाही.

रविवारी ऊन पडलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक मुसलमान बाई शिवणकाम करतात, सगळे त्यांना खाला म्हणतात. माझ्या बाहुल्यांचे कपडे उरलेल्या चिंध्यांतून त्याच बेततात. मानेवर उंच कॉलर शिवून घ्यावी म्हणून मी बाहुली ओढणीत गुंडाळली आणि भाचीलाही सोबत घेतलं. ती वाटेत दोनदा खाली बसली. मी म्हटलं, चल लवकर, नखरे नकोत.

खाला उंबऱ्यापाशी मशीन टाकून बसल्या होत्या. मी बाहुलीची मान दाखवली. "इथं कॉलर लावून द्या, खाला. पिवळी पडली."

त्यांनी बाहुली उन्हात धरली, उलटसुलट करून पाहिली. "कुठं पिवळी? दुधासारखी सफेद हाय."

खरंच होती. मान, हात, चेहरा, सगळं आणलं त्या दिवसासारखं. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं हसले. खाला हसल्या नाहीत. त्यांनी बाहुली मशीनवर ठेवली, भाचीला हाताला धरून उन्हात ओढलं आणि बोटानं तिची खालची पापणी खाली केली.

"अन् इच्याकडं पाह्यलं का तुमी? डोये पाहा पोरीचे. हळद हाय नुसती."

मी पाहिलं. बाहुलीच्या भुवईचा रंग केसभर सरकला तरी ज्या डोळ्यांना कळायचं, त्याच डोळ्यांनी पाहिलं. दवाखान्यात नेताना ऑटोत मी तिला मांडीवर घेतलं होतं. मी तिच्या नाकाशी पुन्हा पुन्हा बोट धरत होते.

कावीळ फार वाढली होती. भाची त्यातून उठली. तिसऱ्या आठवड्यात तिनं स्वतःहून वरणभात मागितला. बहीण मला एका शब्दानं बोलली नाही, कारण मी तिला सगळं सांगितलेलं नाही. बल्ब मी बदलला. भाचीला मी अजून रोज सकाळी दारात, उजेडात उभी करते आणि डोळे बघते. ती कंटाळते. माझी भीती जात नाही.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "किती दिवसांपासून पिवळी आहे?"

"सोमवारपासून," मी चटकन म्हणाले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. तो सोमवार बाहुलीचा होता.