नदीला ‘येतो’ म्हणणारी

दत्ताचा फोन आला तेव्हा मी शंभूला भात भरवत होते. दत्ता माझा मुलगा. त्याची बायको वैशाली आदल्या दिवशी कपडे वाळत घालताना डोकं धरून खाली बसली, म्हणून तो तिला दवाखान्यात घेऊन गेला होता. फोनवर म्हणाला, "आई, पोरांचं जेवान झालं का?" मी म्हटलं, "चाललंय." तर म्हणाला, "हू दे. मग सांगतो..." आता सांगायचं काय राहिलं होतं? मी फोन खाली ठेवला आणि ताटातला भात संपेपर्यंत भरवत राहिले. शंभू तीन वर्षांचा, ओवी सात वर्षांची. उपाशी पोटी ऐकवायची ती बातमी नव्हती.

त्याला आता दीड महिना झाला. डोक्यातली नस फुटली म्हणाले. गेलेल्या माणसाचं सगळंच चांगलं होतं असं मी लिहिणार नाही. वैशाली भाजीत मीठ जास्त घालायची, माहेरी सांगलीला फोन लावला की गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची, आणि माझं एक ऐकायची नाही. रविवार आला की तिला घर खायला उठायचं. चुरमुऱ्याच्या भडंगाचा डबा, पाण्याची बाटली, एक चादर, झालं. मलकापुरातून निघायचं आणि शेजारच्या कराडला नद्यांच्या संगमावर जाऊन बसायचं. कधी एसटीनं औंधला, यमाईच्या डोंगरावर. मला हे पटायचं नाही. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. माझं अर्धं आयुष्य चालण्यात गेलं. दत्ता लहान असताना त्याला घोड्यावर कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बांधायचे, वर घोंगडं टाकायचे आणि पुढचं रान गाठायचे. कामाशिवाय, नुसतं मजा म्हणून कोण हिंडतं?

"आवं आत्या, तुमी आख्खा मुलूख बघितलाय," ती म्हणायची. "माझ्या पोरांनी काय बघितलं? टीव्ही आन् पाण्याची टाकी."

"मी मुलूख न्हाई, मेंढरांची शेपटं बघितली," मी म्हणायचे.

"मग चला की आता, मुलूख दावते."

आणि मी जायचे. कुरकुरत जायचे, पण जायचे. औंधच्या पायऱ्यांवर शंभूला कडेवर घेऊन ती पुढं, ओवी तिचा पदर धरून मधे, मी मागं. वर पोहोचल्यावर ती घाम पुसत बसायची, डब्याचं झाकण उघडायची आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवायची. मग शेंगदाणे कुणाला जास्त आले यावरून पोरांची भांडणं. यात लिहिण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण आता डोळे मिटले की मला त्या भांडणाचाच आवाज येतो, आणि त्या रविवारांबद्दल मी तिला दुवा देते. माझ्या पोराला मी बांधून नेलं होतं. तिची पोरं हात धरून गेली.

तिची एक खोड होती. निघताना पोरांना मागं वळायला लावायची. आपल्याकडं घरातून निघताना माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही नदीला म्हणायला लावायची. डोंगराला, ज्या झाडाखाली बसलो त्या झाडाला. "म्हणा, येतो आमी." पोरं हात हलवून ओरडायची. लोक बघायचे. मी एकदा म्हटलं, "नदी काय तुला या म्हणणार हाय व्हय?" तर हसून म्हणाली, "न्हाई म्हणली तरी येणारच हाय आमी."

आता माझी भीती सांगते. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला तिचं तोंड आठवत नाही. आवाज नाही, हात नाही, काहीच नाही. चुलतीनं वाढवलं, चांगलं वाढवलं, पण आईच्या जागी नुसती मोकळी जागा. शंभू तर तीनच वर्षांचा. म्हणून मी त्याला रोज विचारायला लागले. आई कुठं झोपायची? आई तुला काय म्हणायची? पहिले काही दिवस तो भराभर सांगायचा. मग अडखळायला लागला. आणि एके सकाळी, आई कुठं हाय विचारल्यावर त्यानं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं. "त्या फोटूतली?" म्हणाला... त्या दिवशी मी त्याला आणखीच विचारलं. शेवटी ओवी चिडली. "आज्जी, सारखं इचारू नगंस. तू इचारलंस की मलाबी आठवंना हुतंय."

तेव्हापासून तोंड बंद ठेवलं. पण जीव थाऱ्यावर नव्हता. तो जेवताना, खेळताना मी नुसती बघत बसायचे, की आज काय गळून गेलं असेल.

गेल्या रविवारी ओवीनंच चादर काढली. दत्ता कामावर गेला होता. हल्ली तो रविवारीही जातो, घरी बसवत नाही त्याला. मी भडंग केलं, ते मऊ पडलं. रस्त्यावर गाड्या, संगमावर गर्दी, समोर पाणी, आणि मी एकटी म्हातारी. दोघांचे हात इतके घट्ट धरले की ओवी म्हणाली, "आज्जी, हात दुखतोय." वैशाली बसायची तिथंच बसलो. शंभूनं चार दाणे खाल्ले, पाण्यात खडे मारले. त्याला जागा ओळखू आली का, मी विचारलं नाही.

ऊन उतरल्यावर मी उठले आणि ओढतच दोघांना घेऊन निघाले. तेवढ्यात शंभूनं हात सोडवला. पाण्याकडं पळाला! पण तो थोडं जाऊन थांबला. नदीकडं तोंड करून हात वर केला आणि ओरडला, "येतो आमी!" मग परत आला, माझा हात धरला आणि म्हणाला, "तूबी म्हण."

मी म्हटलं. लोक बघत होते, बघू देत.

वाटेत राहवलं नाही. विचारलं, "हे कुणी शिकवलं रं तुला?"

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "आसंच."

त्या उत्तरानं वाईट वाटलं. घरापर्यंत तेच डोक्यात. ओवीकडं बघितलं, तर ती मान खाली घालून चालत होती.

घरी आल्यावर घसा कोरडा पडला होता. माठातून तांब्या भरला आणि पिण्याआधी थोडं पाणी जमिनीवर सोडलं. ही माझी सवय, चुलतीकडं येण्याआधीपासूनची. चुलतीच्या घरात हे कुणी करायचं नाही, त्यावरून मी लहानपणी खूप बोलणी खाल्ली. वैशाली फरशी पुसत विचारायची, "आत्या, हे कुणी शिकवलं वो तुमाला?" आणि मी म्हणायचे... आसंच.

तांब्या हातात तसाच राहिला.

"आज्जी, पाणी सांडलं," ओवी फडकं घेऊन आली.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "पुसू नगंस."