मुठीचा डबा

दळण काढलं की एक मूठ ज्वारी आधी देवाची म्हणून बाजूला ठेवायची, ही आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती बायकांची रीत. गावी ती रविवारी चर्चमध्ये जमा व्हायची. बाबांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही माळावरच्या एका खोलीत राहायला आलो, तेव्हा तिथे ना चर्च होतं ना घंटा. रविवारी चारपाच घरं कुणाच्या तरी खोलीत दाटीवाटीने बसून उपासना करायची. आईला ती उपासना वाटायचीच नाही. पत्र्याच्या डब्यात मूठ टाकणं मात्र तिने चालू ठेवलं.

"ह्यो डबा भरला की मी पोरीला घेऊन गावी जाणार," तिने बाबांना सांगून टाकलं. "देवाचं देवाच्या दारात टाकीन आन् तिथंच ऱ्हाईन. तुमी बसा कंपनी राखत."

आईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाबा हसले खरे, पण त्या दिवसापासून कामावरून आल्यावर त्यांची नजर आधी डब्याकडे जायची. एकदा त्यांनी तो उचलून हलवूनही पाहिला.

"देव काय तिकडंच ऱ्हायला व्हय गं?" ते तिला चिडवायचे. "त्याची कंदी शिफ्ट सुटत न्हाई. हितं बी काम चालूच असंल त्याचं."

आई भाकरी थापत राहायची. मला दोघांचीही दया यायची आणि डब्याचा राग.

जवळच्या छावणीत फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं राहत. तिथली एक बाई आमच्या नळावर पाण्याला यायची. एका आठवड्यात रेशनच्या दुकानात धान्यच आलं नाही, तेव्हा ती रिकामं भांडं घेऊन दारात उभी राहिली. आमच्याकडचंही संपलं होतं. डबा तेवढा काठाला आला होता.

"देवाचं हाय ते," आई स्वतःशीच म्हणाली. आणि तिने झाकण काढलं.

दोघींनी मिळून जात्यावर दळलं. ती बाई आमच्याच चुलीपुढे बसली आणि तळहातावर भाकरी थापू लागली, चांगली बोटभर जाड.

"अगं बाई, भाकर हाय का पाट?" आई म्हणाली आणि हसत सुटली. पिंपरीत आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. भाषा कळत नसूनही ती बाईदेखील हसली. मग आईने मोडक्या हिंदीत विचारलं, गावाला परत कधी जाणार?

"अब कहाँ का गाँव," ती म्हणाली.

आईने उरलेलं सगळं पीठ तिच्या भांड्यात ओतलं. मला आई तेव्हा फार आवडली.

संध्याकाळी बाबांनी रिकामा डबा पाहिला आणि ते दारातच थबकले. "निघालीस व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"ज्याचं व्हतं त्याच्या दारात टाकलं," आई म्हणाली. "दार जवळच निघालं."

रेशनची ज्वारी आली त्या सकाळी आईने पहिली मूठ डब्यात टाकली. रिकाम्या पत्र्यावर दाणे खडखडले. बाबा दाढी करत होते, त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"आता भराया लई दिस लागतील," ते म्हणाले.

"भरू कोन देतंय त्याला," आई म्हणाली. "रविवारी ती छावनीतली बाई आपली पोरं घेऊन जेवाया येनार हाय."