घाटाचा कॅमशाफ्ट की सडकेचा

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला एक पेट्रोलचा ट्रक माझ्या थोरल्या भावाने घेतला होता. शहाद्याहून मीठ, कापड, धान्य भरून वर डोंगरात धडगावच्या बाजाराला चढवायचं आणि येताना बांबू आणायचे, हा आमचा धंदा. दादा चालवायचा, मी शेजारी बसायचो. तो दमला की मी चालवायचो. पुढे पुढे तो लवकर दमायला लागला. घाटातल्या प्रत्येक वळणाला सगळं अंग टाकून स्टिअरिंग ओढावं लागे, आणि त्याचा उजवा खांदा कायमचा धरला होता. घरी आला की ताट वाढायच्या आत भिंतीला टेकून झोपून जायचा.

त्या साली दिवाळीनंतर इंजिनाचाच दम गेला. रिकामी गाडीसुद्धा चढावर रखडायला लागली. इंजिन उघडलं तर कॅमशाफ्ट झिजलेला. इंजिनातले वाल, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, उचलणारी ती दांडी. तिच्यावरचे उंचवटे झिजले की वाल पुरते उघडत नाहीत आणि इंजिनाला श्वास पुरत नाही. पेट्रोलात हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटरही गळत होता. दोन्ही बदलायचे म्हणून आम्ही धुळ्याला गेलो.

तिथे जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकणारा एक मिस्तरी होता. त्याने गोणपाटावर दोन दांड्या ठेवल्या. एक आमच्यासारखीच, बुटक्या उंचवट्यांची. दुसरीचे उंचवटे चांगले उभे होते.

"पहले ये बोलो," तो म्हणाला, "गाडी घाट में चलेगी या सडक पे?"

बुटकी दांडी आणि लहान कार्बोरेटर घेतला तर गाडी पळणार नाही, पण हळू चालतानाही ओढेल. उंच दांडी आणि मोठा कार्बोरेटर घेतला तर सपाटीला सुसाट जाईल, मात्र सावकाश चालताना तिच्यात जोर राहणार नाही. जोडी जुळवूनच घ्या, असं त्याचं म्हणणं.

मला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. मी बुटकी दांडी उचलायला वाकलो. दादाने दुसरी हातात घेतली होती.

"आपले घाट चढना शे, दादा," मी म्हणालो.

"माले आते घाट नही चढना. म्हसावद, कळसाडीना कापूस भरूत, सुरतले जाऊत. सीधा रस्ता शे."

काही न घेताच आम्ही परत आलो. घरी वहिनी भाकरी थापत होती. दादा अंगणात गेल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "भाऊ, त्यास्नं आयका. घाटमाइन येतस ते मन्हासंगे दोन शब्द बोलतस नही. गाडीनं मंग पाहू."

कापसाचा हंगाम थोडक्या महिन्यांचा असतो आणि व्यापारी आता डिझेलच्या नव्या गाड्यांना माल देऊ लागलेत, हे मला दिसत होतं. तरी मी हो म्हणालो. धुळ्याहून आणून उंच दांडी बसवली, मोठा कार्बोरेटर बसवला.

तो हिवाळा दादाचा बरा गेला. कळसाडीच्या एका गुजर शेतकऱ्याने कापूस दिला, मग त्याच्या भावकीनेही दिला. सुरतेच्या वाटेवर नवापूर ओलांडलं की दादा पाठ टेकून, एका हाताने गाडी चालवायचा. गाडी पेट्रोल ढोसायची, पण पळायची. घरी आल्यावर तो जागा राहून वहिनीला सुरतेच्या बाजाराचं सांगत बसे.

कापूस संपला आणि आम्हाला कोणी बोलावेना. शेवटी धडगावला माल पाठवणाऱ्या मारवाडी व्यापाऱ्याचा निरोप आला. मीठ भरून आम्ही निघालो. घाटातल्या पहिल्याच खड्या वळणावर, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद पडलं. रेस वाढवून चढवावी तर क्लच जळल्याचा वास. अर्धी पोती उतरवली, गाडी वर नेली, पोती पाठीवर वाहिली, पुढच्या वळणाला पुन्हा तेच. बाजाराला निघालेल्या काही पावरा आदिवासींनी ढकलायला हात लावला. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने बॉनेटवर हात ठेवून काही विचारलं. भाषा कळली नाही. गाडी आजारी आहे का, असं विचारत असावा.

दादाने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून दगडावर बसला.

"थकी गऊ रे मी," तो म्हणाला. "तू चलाव."

मी चालवली. दादा मागून पायी आला, हातात मोठा दगड घेऊन. गाडी थांबली की तो चाकामागे लावायचा, सुटली की उचलून पुन्हा चालू लागायचा. असा तो सगळा घाट चढला.

पुन्हा धुळ्याला गेलो तेव्हा बुटकी दांडी विकली गेली होती. लहान कार्बोरेटर तेवढा शिल्लक होता. "जोडी बराबर नहीं, पर चलेगी," मिस्तरी म्हणाला. तो कार्बोरेटर बसवल्यावर गाडी घाटात कमी बंद पडू लागली आणि सपाटीचा वेगही गेला. तशीच ती मी कितीतरी वर्षं ओढली. खाली उतरेपर्यंत माझेही हात बधिर होऊ लागले, आणि जेवायला बसल्यावर बायको काय म्हणते ते अर्धवटच कानावर यायचं.

दादा पुन्हा स्टिअरिंगवर बसला नाही. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापूस तोलायच्या कामाला लागला. त्याच्यावर मी राग कधी धरला नाही. राग घाटात यायचा, तिथेच राहायचा. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो की तो सुरतेच्या रस्त्याचं काढायचा, कुठे चहा चांगला मिळायचा, कुठे सावली होती. मी ऐकून घ्यायचो आणि लवकर उठून घरी यायचो. सकाळी मला मीठ भरायचं असायचं.